वाल्पोलिचेल्ला: न बुडवता वाळवलेली द्राक्षं

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निनादचा मेसेज आला. "वॉर्डातला एकजण आजारी पडलाय, त्याची ड्युटी माझ्यावर. माझा वीकेंड गेला. तुम्ही दोघी जा ना, प्लीज." विमान साडेअकराचं. ड्रोहेडाहून डब्लिन विमानतळ अर्ध्या तासावर. म्हणजे रद्द करायचं की नाही हे ठरवायला माझ्याकडे साधारण दीड तास होता.

"तुम्ही दोघी" म्हणजे मी आणि त्याची आई, रजनीकाकू. काकू तासगावजवळच्या. त्यांची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याची शेड आहे. शेड त्याच चालवतात. लेकाकडे सहा आठवड्यांसाठी आल्या होत्या आणि मी त्यांना तोवर एकूण पाच वेळा भेटले होते, पाचही वेळा निनादसमोर.

थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. निनादने मला ऑगस्टमध्ये लग्नाचं विचारलं होतं. मी "विचार करते" म्हणाले होते. तो नकार नव्हता, पण होकारही नव्हता. मी औषधाच्या कारखान्यात फ्रीझ-ड्रायर चालवते. पूर्ण वाळल्याचा पुरावा हातात आल्याशिवाय बॅचवर सही करायची नाही, ही माझी नोकरी आहे आणि बहुधा स्वभावही. निनादने घाई केली नाही. घाई गावाकडे होती. गुरुजींनी फेब्रुवारीतले चार मुहूर्त काढून दिले होते. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काकूंच्या पर्समध्ये होता. आणि एका मंगल कार्यालयाचा मालक त्यातली एक तारीख "फक्त रविवारी संध्याकाळी सहापर्यंत" धरून बसला होता. हा रविवार म्हणजे आमच्या सहलीतलाच रविवार. हे मला निनादने सांगितलं होतं. काकूंनी एका शब्दानेही नाही.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, "काकू, निनादला जमत नाहीये. आपण रद्द करूया का?"

"तिकिटं काढल्यात न्हवं?"

"हो."

"मग? मी आवरून बसलोय. ये तू."

साडेआठला मी निनादच्या दारात होते. काकू फिकट जांभळी साडी, वर निनादचं जॅकेट, पायात नवे स्पोर्ट्स शूज अशा उभ्या होत्या. बॅग उचलली तर अपेक्षेपेक्षा जड लागली. "बेदाणं हायत," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं जायचं कुणाच्या दारात?"

कागदपत्रं, एकदाच

आयर्लंडहून जाणाऱ्यांसाठी: आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसात, नाही. आपल्याला इटलीचा वेगळा व्हिसा लागतो. आईवडील भेटीला आलेले असतील तर त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच करून आणलेला बरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांचा आयरिश व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, ते आधी बघा. सिंगल एंट्री असेल तर माणूस इटलीला जाईल, पण परत ड्रोहेडाला येणार नाही. सहलीचं बाकी नियोजन निनादचं होतं, हा कागदी भाग माझा. त्यामुळे कागद चोख होते आणि आपण नक्की काय बघायला चाललोय याची मला फक्त ढोबळ कल्पना होती: वेरोनाच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्या आहेत, तिथे द्राक्षं वाळवून मग त्यांची लाल वाइन करतात. अमारोने तिचं नाव.

विमानात काकूंनी विचारलं, "वाळवत्यात म्हंजे आमच्यासारखंच काय?"

वाळवणं हा माझा विषय. मी पेन काढलं आणि नॅपकिनवर द्राक्षाचा छेद काढला. सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून तुम्ही द्राक्षं पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढता; मेण विरतं आणि पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. तासगावला कडक ऊन आणि कोरडी हवा. वेरोनाला ऑक्टोबरमधली तेरा-चौदा अंश गारठ्याची हवा. न बुडवता ठेवली तर वाळायच्या आधी कुजतील. "त्यामुळे बुडवतच असणार," मी म्हणाले. "दुसरा मार्ग नाही."

काकूंनी नॅपकिन नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. मुहूर्ताच्या कागदाशेजारी.

पहिला दिवस: उजवीकडून

आम्ही बेर्गामोला उतरलो आणि गाडी भाड्याने घेतली. तिथून वेरोना हमरस्त्याने सव्वा तास. टोलनाक्यावर आत शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे. नऊ युरोंच्या आत झालं. पिवळ्या पाटीच्या लेनमध्ये शिरू नका, ती यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी आहे. गाडी उजवीकडून चालवायची सवय मला नव्हती. काकू माझ्या उजव्या हाताला बसल्या होत्या, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ड्रायव्हरच्या जागी, आणि प्रत्येक गोल चौकात त्यांचा उजवा पाय जोरात खाली दाबला जायचा.

"काकू, तिथे ब्रेक नाहीये."

"माहीत हाय गं. पण माझा पाय काय तुझं ऐकतोय व्हय?"

वेरोना शहराच्या जुन्या भागात गाडी नेऊ नका, आत फक्त परवानगीच्या गाड्या जातात आणि कॅमेरे आहेत. आम्ही शहराला वळसा घालून सरळ टेकड्यांकडे निघालो. मारानोच्या वर एका शेतावरच्या घरात मुक्काम होता. नाश्त्यासकट खोली पंच्याऐंशी युरो. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चुना न लावता रचलेल्या दगडी भिंती, भिंतींवर वेली, मध्येच उंच टोकदार सुरूची झाडं. पानं पिवळी-तांबडी झाली होती आणि वेलींवर एकही घड नव्हता.

"माल उतरवला की समदा," काकू म्हणाल्या. मग खिडकीतून वेलींच्या ओळी मोजल्यासारख्या बघत, "तारा लई खाली बांधल्यात. वाकून वाकून पाठ मोडत असंल."

संध्याकाळी जेवणात पोलेंता आली, मक्याच्या पिठाची. काकूंनी एक घास खाल्ला, म्हणाल्या "कण्याच की", आणि पर्समधून ठेच्याची बाटली काढली. भोपळा भरलेला पास्ताही मागवा. काकूंच्या भाषेत "भोपळ्याच्या करंज्या, साखर जरा कमी". शाकाहारी असाल तर मेन्यूत 'कावाल्लो' शब्द शोधा आणि टाळा. ते घोड्याचं मांस असतं.

निनादचा फोन आला. "सगळं ग्रँड?"

"ठीक."

"आई काय म्हणतेय?"

"तारा खाली बांधल्यात म्हणतेय."

दुसरा दिवस: सान जोर्जो आणि पहिला फोन

शनिवारी आम्ही सान जोर्जोला गेलो. टेकडीच्या टोकावरचं दगडी गाव, पंधरा मिनिटांत पूर्ण फिरून होतं. जुनं चर्च आहे, मागे छोटं अंगण, आणि कठड्याशी उभं राहिलं की पश्चिमेला गार्दा तळ्याची रुपेरी पट्टी दिसते. गाडी गावाच्या खालीच लावा, वरचे रस्ते बैलगाडीच्या मापाचे आहेत.

कठड्याशी असतानाच काकूंचा फोन वाजला. त्या बाजूला गेल्या, पण काकू फोनवर तासगावपर्यंत थेट ऐकू जाईल अशा बोलतात.

"व्हय, उद्या सांगतो. सहापर्यंत म्हनला न्हवं तुम्ही? मग सहा वाजू द्या की." थोडा वेळ ऐकून, "दुसरी पार्टी हाय म्हंजे? असंल. आम्ही पन पार्टीच हाय."

परत आल्या आणि तळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मीही. मी वाट बघत होते की आता विचारतील. उत्तराची तीन रूपं मी मनात तयार करून ठेवली होती, तिन्ही सभ्य आणि तिन्ही अपुरी.

"तळं मोठं हाय," काकू म्हणाल्या. "कॉफी घेऊया का? त्या बारक्या कपातली नको. पोटभर पायजे."

त्या रात्री घड्याळं तासाने मागे आली. काकूंच्या मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर होतं, त्यामुळे त्यांना काही फरक पडला नाही. मी मात्र गणित केलं: कार्यालयाचे संध्याकाळचे सहा म्हणजे इथले दुपारचे दीड.

तिसरा दिवस: माडीवर

रविवारी अकराला वाइनरीत. छोटी, घरगुती; आधी ईमेल करून वेळ घ्यावी लागते, रविवारी एरवी बंद असते. फेरी आणि चव मिळून माणशी तीस युरो. दाखवायला एलिसा होती, मालकाची मुलगी, माझ्याच वयाची, हात द्राक्षाच्या रसाने कायमचे रंगलेले. इंग्रजी उत्तम. मी मराठीत काकूंना सांगत होते.

द्राक्षं वाळवायची माडी पहिल्या मजल्यावर आहे. लांबलचक, दोन्ही बाजूंना खिडक्या, सगळ्या उघड्या. छतापर्यंत लाकडी मांडण्या आणि त्यावर एकेरी थरात पसरलेले घड, हजारोंनी. काळपट जांभळे, किंचित सुरकुतलेले. वासाचं वर्णन मी करू शकत नाही, काकूंनी केलं. दारातच थांबून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या शेडचा वास. पन, थंड."

मग कामाला लागल्या. मांडणीच्या दोन थरांत किती अंतर, वारा कुठून येतो, उंदरांचं काय करता. एलिसा उत्तरं देत होती, मी भाषांतर करत होते, आणि शेवटी काकूंनी पर्समधून माझा नॅपकिन काढला.

"विचार, बुडवायला काय वापरत्यात."

मी विचारलं. एलिसाला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा, नीट, रसायनांच्या नावांसह विचारला.

"कशातच नाही," एलिसा म्हणाली. "घड हाताने निवडतो, मणी दाटीवाटीने नसलेले. पसरतो. कोरडा वारा असला की खिडक्या उघडतो, दमट असला की बंद करून पंखे लावतो. खराब मणी रोज काढतो. साधारण शंभर दिवस लागतात. दहा किलोचे सहा उरले की पिळायचे. जानेवारीत."

"न बुडवता?" काकूंनी मला विचारलं.

"न बुडवता."

"कुजत न्हाईत?"

"नाही म्हणतेय."

काकूंनी नॅपकिनवरच्या माझ्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इंजिनीयर बाई," त्या म्हणाल्या, "दुसरा मार्गच न्हवता न्हवं?"

मी चूक होते. निवड, हवा आणि रोजचं लक्ष, हे तीनही माझ्या गणितात नव्हते. तसं मी म्हणाले. काकू इतक्या हसल्या की एलिसाही, कारण न कळता, हसली.

मी एलिसाला विचारलं की सालीवरचं मेण जरा पातळ केलं तर महिना वाचेल, मग का करत नाही. तिने एक मणी चिमटीत धरला आणि हलकेच दाबला. "भरभर वाळवलं तर फक्त पाणी जातं. सावकाश वाळताना आत काहीतरी तयार होतं, ते आम्हाला हवं असतं. आमची वाइन म्हणजे तेच."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. काकूंनीही एक मणी दाबून पाहिला, अगदी त्याच चिमटीने.

तीर्थ

चव घ्यायची खोली तळमजल्यावर. चार पेले, चीज, पाव. काकूंनी अर्ध्या किलोचं बेदाण्याचं पाकीट एलिसाच्या हातात ठेवलं. एलिसाने ते उजेडात धरून पाहिलं. "हिरवे कसे काय?" सावली आणि गंधकाची धुरी, काकूंनी सांगितलं, आणि एलिसाने तोंडात टाकून डोळे मिटले. गंधकाबद्दल तिला काय वाटलं ते ती बोलली नाही. दुसरी मूठ मात्र घेतली.

काकू दारू पीत नाहीत. अमारोनेचा पेला त्यांनी नुसता हुंगला आणि बाजूला ठेवला. शेवटी एलिसाने रेचोतो आणली, त्याच वाळवलेल्या द्राक्षांची, पण गोड. एवढ्या लांब येऊन काहीच चाखलं नाही असं नको, म्हणून काकूंनी उजवा हात पुढे केला. तळहाताची खोलगट वाटी करून, डावा हात खाली धरून.

एलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थोडीशी हातावर ओत. तिने चमचाभर ओतली. काकूंनी ती मान झुकवून प्यायली. आणि मग, वर्षानुवर्षांच्या सवयीने, ओला हात डोक्यावरून फिरवला.

काकूंचे केस पांढरे आहेत. भांगापासून मागे एक गर्द जांभळा पट्टा उमटला.

मग एलिसाने स्वतःच्या हातावर वाइन ओतली, प्यायली आणि हात डोक्यावरून फिरवला. "बरोबर?" तिने गंभीरपणे विचारलं. मी हसत हसत टिश्यू शोधत होते. आठवणीत राहावं असं हसू मला क्वचित येतं. हे राहिलं.

एलिसा बाटल्या बांधायला आत गेली. काकू टिश्यूने केस टिपत होत्या.

"केतकी," त्या म्हणाल्या. सहलीत पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. "मला बघायला आले रविवारी. साखरपुडा बुधवारी. अकराव्या दिवशी लग्न. तुझ्या काकांचा आवाजसुदिक ऐकला न्हवता मी."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"बुडवलंच की मला बी," काकू म्हणाल्या. "वाईट झालं न्हाई. बेदाणा चांगलाच झाला. पन..." त्यांनी समोरच्या गडद पेल्याकडे हनुवटीने खूण केली. "हे येगळं हाय."

फोन वाजला. एक वाजून वीस मिनिटं. काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं उत्तर त्या एका क्षणी मागितलं असतं तर मी हो म्हणाले असते, निव्वळ त्या जांभळ्या पट्ट्यामुळे. ते बरोबर झालं नसतं. आणि बहुतेक ते काकूंनाही माहीत होतं, कारण त्यांनी मागितलं नाही.

"हां, बोला. व्हय. न्हाई, द्या त्यांना. द्या म्हनतोय न्हवं? दुसऱ्या पार्टीला द्या. अहो, आमचा माल अजून वाळायचाय." फोन ठेवला. "बावळट हाय. म्हनतोय, तुम्ही लग्नाचं बोलताय का बेदाण्याचं."

परत

निघताना एलिसाने काकूंना एक घड दिला, कागदात गुंडाळून. महिनाभर वाळलेला. सोमवारी तो आमच्यासोबत डब्लिनला उतरला, माझ्या हातातल्या बॅगेत, डब्यात. बँक हॉलिडे होता, हमरस्ता रिकामा. ड्रोहेडात शिरताना पाऊस. निनाद दारात उभा. आईच्या केसांकडे बघून म्हणाला, "हे काय?" काकू म्हणाल्या, "तीर्थ," आणि चहा टाकायला आत गेल्या.

घड माझ्याकडे राहिला. निनाद म्हणाला हॉट प्रेसमध्ये टांग, गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट, तू टॉवेल तिथेच वाळवतेस. मी नाही म्हटलं. उष्णता नको. उत्तरेकडच्या खिडकीत जाळीवर ठेवला, शेजारी छोटा पंखा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. एकशे शहाऐंशी ग्रॅम. एलिसाने सांगितलं होतं की महिन्यात दहाचे सव्वाआठ झालेत. म्हणजे दहाचे सहा व्हायला माझा घड एकशे पस्तीसवर यायला हवा.

काकू पुढच्या आठवड्यात तासगावला परतल्या. त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन. "काय ठरलं" हे कधीच नाही. "वजन किती?" एवढंच.

आयर्लंडची हवा वेरोनापेक्षा दमट आहे. नोव्हेंबरात तीन मण्यांना बुरशी आली, मी काढले, त्यांचं वजन वेगळं नोंदवलं. डिसेंबरात पंख्याचा वेग वाढवला. संध्याकाळी निनाद यायचा तेव्हा तोही खिडकीपाशी जाऊन एक मणी चिमटीत दाबून बघायचा. मग आम्ही जेवायचो. कधी त्याची नाइट असायची, मग घड मी एकटीच बघायचे आणि त्याला आकडा पाठवायचे. तो उलट एक अंगठा पाठवायचा. या दोन-तीन महिन्यांबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही. आत काय तयार होत होतं, ते ज्याचं त्याला माहीत.

जाणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटी जा. माड्या भरलेल्या असतात आणि गर्दी ओसरलेली असते. तीन रात्री पुरतात. एक सोडून सगळी जेवणं शेतावरच्या घरात घ्या. अमारोनेची एक बाटली आणा. स्वस्त नाही, पण घाईने उघडायची नसते, त्यामुळे बरीच पुरते. आणि जमलं तर निनादसारख्या कुणाला ऐनवेळी गळू द्या.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी काकूंचा फोन आला.

"वजन किती?"

"एकशे तेहेतीस."

"म्हंजे?"

"वाळलं."

मागे कुणीतरी क्रेट सरकवत होतं.

"काकू, त्या कार्यालयवाल्यांचा नंबर आहे का अजून?"

"पाठ हाय."

"मे महिन्यातलं विचारून ठेवाल?"

काकूंचा नेहमीचा, तासगावहून ड्रोहेडापर्यंत फोनशिवायही ऐकू येईल असा आवाज. "आधी निनादला सांगितलंस का?"

"नाही. वजन तुम्ही विचारलंत."

"आगं बया! ठेव फोन, त्याला सांग आधी. कार्यालयवाल्याचं मी बघतो. मागल्या टायमाला भडकलाय माझ्यावर, त्याला जरा बेदाणं न्यायला लागतील."